पिवळा दिवा

आमच्या घरात पहिलं इंजिन आलं ते माझ्या जन्माच्या आधी. विहिरीवरचं, पाच हॉर्सपॉवरचं, तेलावर चालणारं. हँडल मारून ते सुरू करायचं, आणि एकदा फुकफुकायला लागलं की शिवारभर त्याचा आवाज जायचा. आमचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, दोन शेतं पलीकडं दारं धरत उभे असले तरी त्या आवाजावर त्यांचा कान असे. मधेच फावडं टाकून म्हणायचे, "पोरा, पळ. पाण्याचा पाइप हवा घेतोय." जाऊन बघावं तर खरोखरच फूटव्हॉल्व्ह उघडा पडलेला असायचा. इंजिनाचं दुखणं आवाजावरून ओळखणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं.

अशा माणसाच्या घरात मी तीन वर्षांपूर्वी एक जुनी मोटार आणली. २०१४ सालची, पेट्रोलची, एका मास्तरांनी जपून वापरलेली. अण्णांनी बॉनेट उघडून आत पाहिलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कार्ब्युरेटर कुठाय?" मी म्हटलं, "नसतो आता." "मग पेट्रोल किती द्यायचं ते कोण ठरवतं?" "कॉम्प्युटर." अण्णांनी बॉनेट खाली टाकलं. म्हणाले, "म्हणजे बिघडलं तर आपल्याला काही कळायचं नाही."

ते खरं होतं आणि खरं नव्हतंही. ते मला कसं कळलं, आणि त्यासाठी आम्हाला काय मोजावं लागता लागता राहिलं, तेच आज सांगायचं आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या बाजूचा ऊस तुटून गेला. ऊस गेला की रानातले उंदीर वस्तीकडं येतात, हे काही तुम्हाला सांगायला नको. आमची मोटार कडब्याच्या गंजीशेजारच्या पत्र्याखाली उभी असते. ऊस गेल्यावर आठवड्याभरानं एका सकाळी मोटार सुरू केली तर समोरच्या काट्यांच्या फळीवर एक पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या आकाराचा. नेहमी चावी फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. त्या दिवशी विझला नाही. मोटार मात्र चालत होती. पुढचा पंखा थंड इंजिनावरही भणभणत होता, आणि पेट्रोल थोडं जास्त खात होती, एवढंच.

बाजाराच्या दिवशी शहरातल्या एका गॅरेजात दाखवली. त्यांनी एक यंत्र जोडलं, पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "कॉम्प्युटर गेलाय. नवा पस्तीस हजार." पस्तीस हजार म्हणजे आमच्या डाळिंबाच्या दोन फवारण्यांचे पैसे. मी मोटार घेऊन परत आलो. वाटेत तो दिवा सारखा डोळ्यांत खुपत होता. घरी आल्यावर काळी चिकटपट्टी घेतली, बोटाच्या पेराएवढा तुकडा तोडला आणि दिव्यावर चिकटवून टाकला. आमच्या सौ. म्हणाल्या, "हे काय केलंत?" मी म्हटलं, "दिसला नाही म्हणजे त्रास नाही." चार महिने तसेच गेले.

आषाढात, पावसाच्या एका रात्री, दीड वाजता आईनं हाक मारली. अण्णा अंथरुणात उठून बसले होते. अंगाला दरदरून घाम, डावा हात धरलेला, बोलणं तुटक. मी १०८ ला फोन लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला सोडून येत होती, वेळ लागणार होता. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडं वाहन आहे का? असेल तर फाट्याकडं निघा, आमची गाडी समोरून येईल." अण्णांना मागं आडवं केलं, आईच्या मांडीवर डोकं, आणि निघालो.

ओढ्याचा चढ चढताना मोटारीनं एकदम दम सोडला. पाय तळाला दाबला तरी उचल घेईना. इंजिन बंद पडलं नव्हतं, पण ऐकतही नव्हतं. काटा पंचवीस-तीसच्या वर जाईना. मी दातओठ खाऊन शिव्या घातल्या. मागून अण्णा क्षीण आवाजात म्हणाले, "इंजिन फुटलेलं नाही. आवाज सरळ आहे. तसंच जाऊ दे." त्या अवस्थेतही कान इंजिनाकडं! अकरा किलोमीटर आम्ही बैलगाडीसारखे गेलो. फाट्यावर समोरून १०८ चा दिवा दिसला. त्या गाडीत डॉक्टर होते, ऑक्सिजन होता. पुढचं सगळं नीट झालं. एका नळीत अडथळा होता, तिथं जाळी बसवली. आठव्या दिवशी अण्णा घरी आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, "आजोबा, आधी कधी काही जाणवलं नव्हतं?" अण्णा गप्प राहिले. आई म्हणाली, "बांध चढताना छातीत भरून येतं म्हणायचे. शिमग्यापासून. पित्त असेल म्हणून ओवा चावायचे." मी खाली मान घातली. आमच्या घरात त्या चार महिन्यांत दोन दिवे लागले होते आणि दोन्ही आम्ही झाकून ठेवले होते.

अण्णा घरी स्थिरावल्यावर मी मोटार आमच्या जुन्या मेस्त्रींकडं ओढून नेली. मेस्त्री सत्तरीचे. जीपगाड्यांचे आणि ट्रॅक्टरचे धन्वंतरी. इंजिनावर लांब पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावतात आणि व्हॉल्व्ह कुठला वाजतो ते सांगतात. पण म्हणाले, "हिला माझा कान चालायचा नाही. पोराला येऊ दे." त्यांचा मुलगा आयटीआय शिकलेला, विशीतला. त्यानं स्टिअरिंगखाली वाकून एका सोळा पिनांच्या खोबणीत छोटं यंत्र लावलं. मी म्हटलं, "बाबा, आधी मला हे सगळं आहे तरी काय ते समजावून सांग. पैसे नंतर." पोरगा शेतकऱ्याच्या घरातलाच. त्यानं आपल्याच भाषेत सांगितलं. ते मला जसं समजलं तसं मांडतो.

इंजिनाला जळण आणि हवा एका मापात लागतात. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. ऐकायला हे माप बारीक वाटतं, पण हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते, म्हणजे पाण्याचा एक मोठा टँकर भरेल एवढी. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन गचके खातं आणि तापतं. जास्त झालं तर काळा धूर, काळे प्लग आणि वाया गेलेला पैसा.

जुन्या गाड्यांत हे माप कार्ब्युरेटर धरायचा. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० लाही तोच होता. अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथं दाब कमी होतो आणि त्या ओढीनं बारीक भोकातून पेट्रोल वर येतं. युक्ती साधी आणि सुंदर. पण थंडीत वेगळं माप, चढाला वेगळं, घाटावर विरळ हवेत वेगळं. एकाच भोकानं सगळं भागवायचं म्हणजे थोडं इकडं, थोडं तिकडं. म्हणून चोक ओढा, पेचकसानं ट्यूनिंग करा, हे सगळं चालायचं.

आताच्या मोटारीत प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एक इंजेक्टर असतो. त्याला ठिबकचा व्हॉल्व्ह समजा. ठिबकमध्ये दाब कायम ठेवला की पाणी किती द्यायचं ते आपण वेळेवर ठरवतो. अर्धा तास सोडलं तर एवढं, एक तास सोडलं तर दुप्पट. इंजेक्टरचं तसंच. पेट्रोल पंपाच्या दाबाखाली नळीत तयार उभं असतं. वीज दिली की इंजेक्टर उघडतो, तोडली की मिटतो. उघडा राहण्याचा वेळ म्हणजेच पेट्रोलचं माप. फरक एवढाच, की इथं वेळ तासांत मोजायचा नसतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एका सिलिंडरला सेकंदाला पंचवीस वेळा पेट्रोल द्यावं लागतं, आणि दर वेळी इंजेक्टर सेकंदाचे काही हजारावे भाग उघडा राहतो. एवढ्या घाईचं काम माणसाच्या हातानं किंवा वजनांनी-स्प्रिंगांनी बिनचूक होत नाही. त्यासाठी कॉम्प्युटर. आपल्या जेवणाच्या डब्याएवढी ॲल्युमिनियमची पेटी, बस.

या पेटीला स्वतःला काही दिसत नाही. ती अंधारात बसलेल्या मालकासारखी आहे, गड्यांनी आणलेल्या निरोपांवर तिचा कारभार. हे गडी म्हणजे सेन्सर.

पहिला निरोप्या क्रँकजवळ बसतो. क्रँकच्या चाकाला दाते असतात. बऱ्याच गाड्यांत साठ दात्यांच्या मापाच्या चाकावर दोन दाते मुद्दाम गाळून अठ्ठावन्न ठेवतात. दाते मोजून वेग कळतो, आणि ती मोकळी जागा आली की पिस्टन नेमका कुठं आहे ते कळतं. हा निरोप नसेल तर बऱ्याच गाड्या सुरूच होत नाहीत. दुसरा निरोप्या हवा मोजतो. काही गाड्यांत हवेच्या वाटेत एक बारीक तापवलेली तार असते. हवा जितकी जास्त तितकी ती जास्त गार होते, त्यावरून माप. काही गाड्यांत हवेचा दाब आणि तिची उष्णता मोजून हिशेब करतात. तिसरा इंजिनाच्या पाण्याची उष्णता सांगतो, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायचं की नाही ते ठरतं. जुन्या चोकचं काम ते हेच. चौथा इंजिनाच्या अंगाला चिकटून ठोका ऐकतो. पेट्रोल वेळेआधी भडकून आत खडखड झाली की तो सांगतो, आणि पेटी ठिणगी थोडी उशिरा पाडते.

हे ऐकल्यावर बाजूला उभे असलेले मेस्त्री हसून म्हणाले, "म्हणजे माझा पेचकस त्यांनी आत कायमचा बसवलाय की!"

पाचवा निरोप्या मला सगळ्यांत आवडला. तो धुराच्या नळीत असतो, जळून गेलेल्या धुरात प्राणवायू किती उरला ते पाहतो. पाट लांब असला की आपण एक माणूस शेवटच्या वाफ्यावर उभा करतो. पाणी पोचलं की तो ओरडतो, "आलं!" मग इकडचा माणूस पाणी कमी करतो. कमी पडलं की ओरडतो, "सोड!" हा ऑक्सिजन सेन्सर तसाच शेवटच्या वाफ्यावर उभा असतो. धुरात प्राणवायू उरला तर पेट्रोल कमी पडलं. तेव्हा तो व्होल्टचा सुमारे दहावा भाग एवढीच वीज देतो. प्राणवायू संपला असेल तर पेट्रोल जास्त झालं, तेव्हा सुमारे ०.९ व्होल्ट. या दोन हाकांच्या मधोमध पेटी पेट्रोल सारखं कमी-जास्त करत राहते. हा सेन्सर पुरेसा तापल्याशिवाय बोलत नाही. तोवर पेटी आपल्याजवळच्या लिहून ठेवलेल्या तक्त्यावर चालते: इतका वेग, इतकी हवा, तर इतकं पेट्रोल.

आता पेट्रोलमध्ये आपल्या उसाचं, मक्याचं इथेनॉल मिसळतात, २०२५ साली ही मिसळ वीस टक्क्यांपर्यंत पोचली. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असल्यानं त्याला एका ग्रॅमला नऊच ग्रॅम हवा पुरते. हा फरक त्या शेवटच्या वाफ्यावरच्या माणसाच्या हाकेनंच पेटीला कळतो आणि ती मापात बदल करते, अर्थात तिच्या मर्यादेत. जुन्या गाडीला किती मिसळ चालेल ते गाडीबरोबरच्या पुस्तकात पाहावं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं. पोरगा म्हणाला, "धुरासाठी." ते कारण मी पुढं वाचून काढलं, आणि त्यात शेतकऱ्यांचाच संबंध निघाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या आसपास, १९४० च्या दशकात हवेत धुरकट झाक येऊ लागली. डोळे चुरचुरायचे. त्याच वेळी तिथल्या भाजीपाल्याच्या पानांवर चंदेरी, तांबूस डाग पडू लागले. रोग सापडेना, कीड सापडेना. हॉलंडहून तिकडं गेलेले हागेन-स्मिट नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. ते या कामाकडं वळले. मोटारींचा व कारखान्यांचा न जळलेला धूर आणि ऊन यांच्या मेळातून ओझोनसारखे जाळणारे वायू बनतात आणि तेच पानं जाळतात, हे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं. पुढं १९६६ साली कॅलिफोर्नियानं मोटारींच्या धुराला मर्यादा घातली, १९७० साली साऱ्या अमेरिकेत कायदा कडक झाला.

त्या मर्यादा कार्ब्युरेटरला झेपेनात. १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीची विजेवर चालणारी इंजेक्शनची पद्धत फोक्सवॅगनच्या मोटारींत आली. १९७६ साली व्होल्वो मोटारीत ऑक्सिजन सेन्सर बसला. १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या एका मोटारीत पेट्रोल आणि ठिणगी या दोन्हींचा कारभार एकाच पेटीकडं आला. धुराच्या नळीत विषारी वायू मोडणारा एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो आपलं काम नीट करतो ते हवा-पेट्रोलचं माप अचूक असेल तरच, आणि पेट्रोलमध्ये शिसं नसेल तरच. आपल्याकडं २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर गेला. पन्नास हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरना २०२३ च्या जानेवारीपासून धुराचे कडक नियम लागले, त्यामुळं तिथंही ही पेटी येऊन बसली आहे. तेव्हा "आपल्याला मोटार नाही, आपल्याला काय करायचं" असं आता कुणा शेतकऱ्यानं म्हणू नये.

आता पुन्हा आमच्या मोटारीकडं. पोराच्या यंत्रावर दोन आकडे आले. एक पी ०११८, दुसरा पी २१३५. तो म्हणाला, "काका, पहिला आकडा पाण्याच्या उष्णतेच्या सेन्सरचा आहे. पण आकडा म्हणजे पंचनामा. निकाल आपण द्यायचा." ही गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही.

तो सेन्सर म्हणजे उष्णतेबरोबर आपला विरोध बदलणारा एक मणी. गार असताना तो विजेला जास्त अडवतो, तापला की कमी. पेटी त्याच्या तारेवर पाच व्होल्ट ठेवते आणि किती खाली येतात ते पाहते. तार तुटली तर व्होल्ट खाली येतच नाहीत. पेटीला वाटतं, पाणी भयंकर गार आहे. यंत्रावर मला आकडा दाखवला: उणे चाळीस अंश! आषाढात, आमच्या तालुक्यात, उणे चाळीस. पेटीही खुळी नाही. हे शक्य नाही हे तिला ठाऊक असतं. मग ती त्या गड्याचा निरोप बाजूला ठेवते, एक अंदाजाचा आकडा धरते, इंजिन तापू नये म्हणून पंखा चालूच ठेवते आणि दिवा लावून मालकाला सांगते: माझा एक माणूस बोलत नाही, बघा.

पोरानं सेन्सरची टोपी काढली आणि टोपीतल्या दोन पिना एका तुकड्यानं जोडल्या. तार आणि पेटी चांगली असती तर आकडा एकदम वर, कढत पाण्यापलीकडं उडायला हवा होता. तो हलला नाही. म्हणजे दोष सेन्सरच्या अलीकडं, तारेत किंवा पेटीत. मग त्यानं पेटीजवळच्या टोकाला तेच केलं. आकडा लगेच उडाला. पेटी ठणठणीत होती! पस्तीस हजारांची पेटी. दोष मधल्या तारेत. तारांच्या जुडग्यावरचं वेष्टण त्यानं ब्लेडनं चिरलं आणि आत कडब्याची चार पातं, उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या तारा निघाल्या. एक तार साफ तुटलेली. शेजारच्या दोन तारांचं फक्त वरचं रबर खाल्लेलं, आत तांबं उघडं.

त्या दोन तारा थ्रॉटलच्या होत्या. या मोटारीत पाय दाबला की तारेनं झडप ओढली जात नाही. पाय किती दाबला ते पेटीला कळतं आणि ती छोट्या मोटरनं हवेची झडप उघडते. ही झडप चुकून सताड उघडली तर जीवाशी खेळ, म्हणून तिच्यावर एक सोडून दोन सेन्सर असतात. दोघांची साक्ष जुळली तरच पेटी विश्वास ठेवते. त्या रात्री पावसाचं पाणी उघड्या तांब्यावर गेलं आणि दोघांच्या साक्षी फिसकटल्या. तोच दुसरा आकडा, पी २१३५. मग पेटीनं मोटरची वीज तोडली. झडप स्प्रिंगनं थोडीशी उघडी राहिली, इंजिन बंद न पडता रांगत चालेल एवढीच. याला ते लोक 'लंगडत घरी जाणं' म्हणतात. कळत नसताना जोरात पळवण्यापेक्षा हळू चालवून माणसांना ठिकाणावर पोचवायचं, असा तिचा नेम.

मला त्या रात्रीच्या शिव्या आठवल्या. मोटारीनं दगा दिला असं मी गावभर सांगत होतो. खरं म्हणजे तिनं चार महिने निरोप दिला होता, आणि शेवटी निरुपाय झाल्यावरही आम्हाला फाट्यापर्यंत नेलं होतं. फेब्रुवारीतच वेष्टण उघडून पाहिलं असतं तर एक तुटलेली तार जोडताना बाकीच्या दोनही दिसल्या असत्या. ओढ्याचा चढ आम्ही नेहमीसारखा चढलो असतो.

पोरानं तारा जोडून डाख दिला, वरून रबरी नळ्या चढवल्या, जुडगं नीट बांधलं. आकडे पुसले. मोटार सुरू केली. पंखा थांबला. साडेसहाशे रुपये झाले. मी काळी पट्टी नखानं खरवडून काढली. खाली दिवा विझलेला होता.

मेस्त्रींनी पोराकडं पाहिलं, मग आपल्या हातातल्या पेचकसाकडं. म्हणाले, "मला वाटायचं, माझी विद्या मेली. तसं नाही. आम्हीही एक वायर काढून, एक प्लग काढून असंच शोधायचो. पोरगं शोधतंच आहे. फक्त कान दुसरे आहेत."

यातून मी चार गोष्टी शिकलो, त्या तुमच्याही उपयोगी पडाव्यात. पिवळा दिवा स्थिर लागला तर मोटार चालत असली तरी दोन-चार दिवसांत दाखवावी. तो लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरचं पेट्रोल न जळता पुढं जात आहे, पाय हलका करावा आणि लगेच दाखवावी, नाहीतर धुराचा महागडा डबा जळतो. ऑइलचा किंवा उष्णतेचा तांबडा दिवा लागला तर जागीच थांबून इंजिन बंद करावं. दुसरी गोष्ट, बॅटरीची तार काढली की दिवा विझतो, म्हणून ती युक्ती कुणी सांगेल. दिवा विझतो, रोग राहतो, आणि पेटीनं गोळा केलेला पुरावा तेवढा पुसला जातो. तिसरी, नुसत्या आकड्यावरून कुणी महागाचा भाग बदला म्हणालं तर विचारावं, "तार तपासली का?" चौथी, कडब्याच्या गंजीशेजारी मोटार, ट्रॅक्टर उभा करू नये. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावं.

अण्णा आता बरे आहेत. रोज गोळ्या घेतात, सकाळी विहिरीपर्यंत चालत जातात. परवा मी मोटार धूत होतो तर जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "चालू कर बघू." मी चावी फिरवली. सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले. अण्णा काचेतून वाकून ते पाहत होते. शेवटचा पिवळा विझल्यावर म्हणाले, "काल बांध चढताना जरा धाप लागली होती."

मी इंजिन बंद केलं नाही. म्हटलं, "बसा. आत्ताच डॉक्टरांकडं जाऊन येऊ."

त्यांनी नाही म्हटलं नाही. दार उघडून पुढच्या सीटवर बसले.